हरवलेल्या मांजराचा शोध

सायंकाळी वाटीत दूध ओतले जाते आणि नेहमी पायांत घोटाळणारे मांजर येत नाही. प्रथम कोणी ते फारसे मनावर घेत नाही. येईल फिरून, असे म्हणून सारे आपापल्या कामाला लागतात. रात्र वाढते, वाटी तशीच भरलेली राहते, आणि मग घरातील माणसे एकेक करून दाराशी येतात. हाका सुरू होतात.

अशा वेळी बहुतेक जण दूर शोधू लागतात. रस्ते पालथे घालतात, चौकातील दुकानदाराला विचारतात. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण या बाबतीत अनेकदा शब्दशः खरी ठरते. घराबाहेर कधी न गेलेले मांजर फटाक्यांच्या आवाजाने किंवा कुत्र्याच्या भीतीने बाहेर पडले, तर ते दूर पळत नाही. जवळची पहिली अंधारी जागा गाठून ते तेथे दबून बसते. विशेष म्हणजे मालकाची हाक ऐकूनही ते ‘म्यांव’ करीत नाही. ही कृतघ्नता नव्हे. आवाज केला तर शत्रूला आपला ठावठिकाणा कळेल, ही त्याची उपजत जाणीव असते.

मांजर हरवलेल्या लोकांकडून १२१० मांजरांची माहिती मिळवून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के मांजरे, जेथून ती नाहीशी झाली त्या जागेपासून ५०० मीटरच्या आतच मिळाली होती. सुमारे एक तृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत जिवंत परत मिळाली. नव्वद दिवसांनंतर जिवंत सापडलेली मात्र फारच थोडी होती. म्हणूनच ‘आज नाही तर उद्या येईल’ असे म्हणत घालवलेले दिवस महाग पडतात.

शोध घ्यावा तो वाकून. मांजर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर क्वचितच लपते. जिन्याखालची अडगळ, पाण्याच्या टाकीमागची फट, लाकडांचा ढीग, उभ्या मोटारीची खालची बाजू, शेजाऱ्यांचा माळा या जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. शेजारी ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात ते प्रामाणिकपणेच. परंतु त्यांनी कोठीचे दार उघडून पाहिलेले असतेच असे नाही. उत्तम वेळ मध्यरात्रीनंतरची. रहदारी थांबलेली असते आणि भ्यालेले मांजर थोडे हालचाल करू लागते. विजेरी आपल्या डोळ्यांजवळ धरून झोत जमिनीलगत फिरवला, की अंधारात दोन हिरवट-पिवळे ठिपके चमकतात. त्याच्या डोळ्यांतील पडद्यामागचा थर प्रकाश परत फेकतो, म्हणून ते चमकतात. ठिपके दिसताच धावून जाऊ नये. खाली बसून, नेहमीच्या आवाजात हळू बोलत, खाणे पुढे सरकवावे.

रोज बाहेर हिंडणाऱ्या मांजराची गोष्ट निराळी. त्याला परतीची वाट ठाऊक असते. ते आले नाही, याचा अर्थ बहुधा त्याला कशाने तरी अडवले आहे. ते कुलूपबंद खोलीत अडकले असेल किंवा जखमी असेल. त्याच्यासाठी शोधाचे वर्तुळ मोठे करावे आणि स्पष्ट छायाचित्र असलेली पत्रके लावावीत. कातडीखाली बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी चकती मांजर कोठे आहे ते सांगत नाही. त्यावर असतो केवळ एक क्रमांक. त्या क्रमांकापुढे मालकाचा जुना पत्ता नोंदलेला असेल, तर तोही निरुपयोगी.

मात्र कधी मांजर जागच्या जागी असते आणि माणसांनाच पुढे जावे लागते. २०१५ मध्ये इराकमधील मोसूल शहरातून एक आई आपल्या मुलांसह निघाली. सोबत ‘कुंकुश’ नावाचे पांढरे मांजर होते. समुद्र ओलांडून नाव ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर लागली, त्या गोंधळात मांजर पेटीतून निसटले. कुटुंबाने शोध घेतला; पण निर्वासितांना थांबण्याची मुभा कोठली? त्यांना नॉर्वेची वाट धरावी लागली.

काही दिवसांनी तेच मांजर किनाऱ्यावरील त्याच खेड्यात, मळलेल्या आणि गुंतलेल्या केसांनिशी, मदतीस आलेल्या स्वयंसेवकांना दिसले. त्यांनी त्याची छायाचित्रे इंटरनेटवर दूरवर पाठवली. मांजराला विमानाने बर्लिनला नेऊन एका घरी तात्पुरते ठेवले. अखेर ती छायाचित्रे नॉर्वेतील त्या आईपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २०१६ मध्ये कुंकुशची पेटी तिच्या नव्या घरात उघडण्यात आली. तिने त्याला उचलून छातीशी धरले, आणि तिला रडू आवरले नाही.