वाद्याविना वृंदगान

प्रास्ताविक

गाणे म्हटले की पेटी, तबला, तंबोरा ही साथ आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु एकही वाद्य न घेता, केवळ अनेकांच्या आवाजांतून संपूर्ण संगीत उभे करणारे गट आज जगभर आहेत. या गायनप्रकाराला ‘आ कापेला’ असे म्हणतात. भारतीय गाणी गाणारा असा एक गट कसा स्थापन झाला, तो नावारूपाला कसा आला आणि इतकी वर्षे कसा टिकला, याचा अभ्यास आपण या पाठात करणार आहोत.

आपल्या परंपरेतील वाद्यरहित स्वर

काशी येथे गंगेच्या काठी अमृतराव घाट आहे. त्याला राजा घाट असेही म्हणतात. रघुनाथराव पेशवे यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या नावाने तो ओळखला जातो. पेशवाईच्या काळात आणि त्यानंतरही अनेक मराठी कुटुंबे काशीत स्थायिक झाली. त्यांतील काही घराण्यांनी वेदपठणाची परंपरा जपली. या पठणाला वाद्याची साथ नसते. गुरू संथा देतो, शिष्य ती तशीच म्हणतात आणि अनेकांचे आवाज एका स्वरात मिळतात. वेदपठणाच्या या परंपरेचा समावेश युनेस्कोने २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पहाटे जात्यावर बसलेल्या स्त्रियांनीही पिढ्यान्‌पिढ्या वाद्याविना ओव्या गायिल्या. तेथे साथ होती ती जात्याच्या घरघरीची. वेदपठण असो वा ओवी, सर्वजण एकच चाल म्हणतात. ‘आ कापेला’ गायनात मात्र एकाच वेळी निरनिराळे स्वर लावले जातात. हा दोहोंमधील महत्त्वाचा फरक आहे.

आवाजांची कामवाटणी

‘आ कापेला’ हा इटालियन शब्दप्रयोग आहे. ‘प्रार्थनागृहातील पद्धतीने’ असा त्याचा मूळ अर्थ. पुढे केवळ आवाजाने केलेल्या कोणत्याही गायनास हे नाव रूढ झाले. अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे असे अनेक गट असतात. येल विद्यापीठातील ‘व्हिफेनपूफ्स’ हा गट १९०९ साली स्थापन झाला.

अशा गटात प्रत्येकाचे काम ठरलेले असते. एक जण मुख्य गीत गातो. काही जण अर्थहीन अक्षरांवर वरचे व मधले स्वर धरून स्वरमेळ साधतात. खर्जाचा आवाज असलेला गायक गाण्याला आधार देतो. एखादा सदस्य ओठ, जीभ व श्वास यांच्या साहाय्याने ढोल-ताशासारखे ध्वनी काढतो. यास ‘बीटबॉक्सिंग’ म्हणतात. तबल्याचे बोल तोंडाने म्हणण्याची आपली पढंत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

या गायनात मोठी जोखीम असते. पेटीचा स्वर सोबत असला की गायकाची चूक लगेच लक्षात येते. येथे तो आधार नसतो. एकाचा सूर किंचित उतरला, तर त्याच्यामागून सारा गटच नकळत खाली येऊ शकतो. म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या आवाजाइतकेच शेजाऱ्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावे लागते. ऐकणे हे येथे गाण्याइतकेच आवश्यक कौशल्य ठरते.

एका गटाचा उदय

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आहे. तेथील भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली एक गट स्थापन केला. विद्यापीठाच्या ‘पेन’ या लघुनामाला आपल्या स्वयंपाकघरातील शब्द जोडून त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘पेन मसाला’. हिंदी गीते ‘आ कापेला’ पद्धतीने गाणारा जगातील पहिला गट म्हणून तो ओळखला जातो.

परदेशात वाढणाऱ्या मुलांपुढे एक प्रश्न नेहमी उभा असतो. घरात ऐकलेली गाणी एका भाषेत आणि मित्रांबरोबर ऐकलेली दुसऱ्या भाषेत. यांतील आपली कोणती? या विद्यार्थ्यांनी दोन्ही आपलीच मानली. हिंदी चित्रपटगीत व इंग्रजी गीत त्यांनी एकाच रचनेत असे गुंफले की एक संपून दुसरे केव्हा सुरू झाले, हे सहज कळू नये.

गटाचा ‘आवाज’ हा पहिला गीतसंग्रह १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये व्हाइट हाउसमधील दिवाळीच्या कार्यक्रमात, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या कार्यकाळात, या गटाने गायन केले. २०१५ साली ‘पिच परफेक्ट २’ या हॉलिवूडच्या चित्रपटात तो झळकला. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अमेरिका भेटीच्या वेळी व्हाइट हाउसच्या प्रांगणात पुन्हा त्याचे स्वर घुमले.

टिकून राहण्याचे रहस्य

२००९ मध्ये गाणारे विद्यार्थी आणि २०२३ मध्ये गाणारे विद्यार्थी एकच नव्हते. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आवाजही जातात. सतार किंवा तबला मागे ठेवून जाता येते. कंठ मागे ठेवता येत नाही. म्हणूनच असा गट नव्या विद्यार्थ्यांची निवड करतो आणि जुने सदस्य त्यांना शिकवून तयार करतात. प्रत्येक गायकाला ठाऊक असते की आपली जागा उद्या दुसऱ्याला द्यावयाची आहे. काशीतील गुरूची संथा आणि या विद्यार्थ्यांचा सराव यांचे हेतू वेगळे आहेत. परंतु एका कंठातून दुसऱ्या कंठाकडे विद्या सोपविण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

ही कला आता भारतातही रुजली आहे. मुंबईतील ‘व्होक्ट्रॉनिका’ या गटाने २०१० नंतरच्या दशकात केवळ आवाजांच्या बळावर श्रोते मिळविले. या कलेला महागडी वाद्ये लागत नाहीत. चार माणसे, नियमित सराव आणि एकमेकांचे ऐकण्याची तयारी एवढ्या भांडवलावर आरंभ करता येतो. तो टिकविण्यासाठी मात्र आपल्याला आलेले दुसऱ्याला शिकविण्याचे औदार्य हवे.

स्वाध्याय

१. वेदपठण व ‘आ कापेला’ गायन यांतील एक साम्य व एक फरक लिहा.
२. वाद्याविना गाताना कोणती जोखीम असते? ती टाळण्यासाठी काय करावे लागते?
३. सदस्य बदलत असतानाही ‘पेन मसाला’ हा गट टिकून राहिला. याचे कारण आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरात वाद्याविना गायिल्या जाणाऱ्या एखाद्या गीतप्रकाराची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवून आठ-दहा ओळींत लिहा.