प्रवाळांची दाटी आणि तिचे नियमन

सागरतळाचा एक लहानसा तुकडा घरातील काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याचा छंद अमेरिका, युरोप व जपान येथे गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. प्रारंभी टाकीत प्रवाळ जगविणे हेच मोठे कौशल्य मानले जाई. दिवे, पंप आणि पाण्यातील क्षार मोजण्याची साधने सुधारली, तसा वेगळाच प्रश्न उभा राहिला. प्रवाळ जगू लागले, वाढू लागले आणि त्यांना जागा पुरेनाशी झाली. या वाढीचे नियमन कसे करतात व त्यातून आपण काय शिकावे, याचा येथे थोडक्यात विचार करू.

दाटी का होते?

प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या लहान प्राण्यांची वसाहत होय. बहुतेक उथळ पाण्यातील प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात व प्रकाशाच्या साहाय्याने त्यांना अन्न पुरवितात. कठीण प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम घेऊन चुनखडीचा सांगाडा रचतात. फांद्यांप्रमाणे वाढणाऱ्या ॲक्रोपोराची फांदी अनुकूल स्थितीत वर्षाला १० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. घुमटाकार प्रवाळ मात्र वर्षाला साधारणतः १ सेंटिमीटर वाढतात.

वरच्या फांद्या दाट झाल्या की खालच्यांचा प्रकाश अडतो, पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि आतील भाग मरू लागतो. शिवाय शेजाऱ्यांत जागेसाठी लढाई जुंपते. गॅलॅक्सियासारखे प्रवाळ लांब शुंडके पसरून शेजाऱ्याला दंश करतात, तर काही मृदू प्रवाळ पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. समुद्रात ती विरून जातात. टाकीत साठत राहतात.

समुद्रपुष्पांचा उपद्रव

समुद्रपुष्प हे प्रवाळाचेच नातलग. परंतु ते जागा बदलते. फिरता फिरता ते पंपात सापडले, तर त्याच्या चिंधड्या होऊन टाकीतील पाणी नासते. म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी बसवितात. काही जाती उभ्या दुभंगून एकाची दोन होतात. एप्टेशिया नावाचे लहान समुद्रपुष्प तर हट्टी तणासारखे आहे. ते खरवडून काढू गेल्यास मागे राहिलेल्या कणभर तुकड्यातून नवे उगवते. म्हणून त्याच्या तोंडात चुन्याचे घट्ट मिश्रण सुईने सोडतात किंवा त्यावर जगणारी बर्गिया ही समुद्री गोगलगाय टाकीत सोडतात.

छाटणीची रीत

बागेप्रमाणे येथेही थोडी व नियमित छाटणी हिताची असते. एकाच वेळी सर्व वसाहती कापल्यास पाणी दूषित होते. कठीण फांद्या चिमट्याने तोडतात, मृदू प्रवाळ धारदार पात्याने कापतात. हे काम शक्यतो वेगळ्या भांड्यात करून तुकडे धुतात व गोंदाने लहान दगडांवर बसवितात. योग्य निगा राखल्यास प्रत्येक तुकड्यातून नवी वसाहत उभी राहते. दोन वसाहतींत पुरेसे अंतर राखणे, पसरणाऱ्या जाती सुट्या दगडावर ठेवणे आणि पाणी सक्रियित कोळशातून गाळणे, हे उपाय आधीच योजले तर छाटणी कमी लागते.

या कामात हातमोजे व चष्मा अत्यावश्यक आहेत. झोअँथस व पॅलिथोआ या गटांतील काही जीवांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. हवाई बेटांवरील पॅलिथोआमधून ते १९७१ साली प्रथम वेगळे करण्यात आले. असे जीव चिकटलेले दगड उकळल्यास विष हवेत मिसळून घरातील माणसे आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. म्हणून असे दगड कधीही उकळू नयेत.

उरलेल्या तुकड्यांचे काय?

सर्वांत मोठा धोका येथेच आहे. नको झालेले तुकडे समुद्रात टाकणे ही भूतदया नव्हे. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या पट्ट्यातील युनोमिया हे मृदू प्रवाळ वेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पोहोचले. मत्स्यालयाच्या व्यापारातून ते तेथे आले, असे मानले जाते. आज त्याने मोचिमा राष्ट्रीय उद्यानात स्थानिक प्रवाळांना झाकून टाकले आहे. २०२० साली ते हवाईतील पर्ल हार्बरमध्येही आढळले.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याशीही निगडित आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळे आपल्या समुद्रातील प्रवाळ तोडणे, विकणे वा घरी आणणे हा गुन्हा आहे. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत. किनारी गावांतील पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा नियम समजावून सांगावा. शिक्षकांनी ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यातील समुद्रपुष्पे विद्यार्थ्यांना दाखवावीत आणि ती जागच्या जागी राहू द्यावीत. परदेशातील टाकीत दाटी झाल्यास माणसाला कात्री हाती घ्यावी लागते. आपल्या किनाऱ्यावर हे संतुलन समुद्र स्वतःच राखतो. त्यात ढवळाढवळ न करणे, एवढे कर्तव्य आपण पार पाडले तरी पुष्कळ साधेल.