भ्यालेल्या शरीराची समजूत

कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावताना श्रोत्यांपैकी कोणी हळूच विचारतो, "महाराज, त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, मनाला सगळं कळतं, पण अंग काही ऐकत नाही. काय करावं?" कोणी अपघातातून वाचलेला असतो, कोणी पुरात अडकलेला, एखाद्या माउलीने घरातच मार सोसलेला असतो. अशा माणसाला 'प्रारब्ध आहे, भोगून संपवावे', 'झालं गेलं विसरून जा' असे सांगण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. हे बोल खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. ते अवेळी बोलले जातात. बोध बुद्धीला होतो, आणि याचे दुखणे त्या वेळी बुद्धीपाशी नसते.

गीतेचा पहिला अध्याय पाहावा. अर्जुनाने कुलक्षयाचे युक्तिवाद मांडले ते मागाहून. आधी त्याने शरीर सांगितले: गात्रे ढिली पडली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कापरे भरले, काटा आला, हातचे गांडीव निसटले, त्वचेचा दाह होऊ लागला, उभे राहवेना. वैद्याने लिहून घ्यावी अशी ही लक्षणे आहेत. अर्जुनापुढे व्हायचे संकट होते आणि आपल्या या माणसावर ते होऊन गेले आहे, हा भेद आहे खरा. पण दुःख आधी अंगात उतरते हे दोन्हीकडे सारखेच. पतंजलींनीही समाधिपादात चित्तविक्षेपाचे सोबती सांगताना दुःख आणि खिन्नता यांच्या पंक्तीला अंगाचा कंप व श्वासाची ओढाताण बसवली आहे.

आता किल्लारीचे घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ. गणपती बोळवून दमलेली गावे झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागांत हजारो माणसे गेली. जी वाचली त्यांपैकी कित्येकांना पुढे छपराखाली झोप येईना. नवे घर भक्कम आहे हे पटलेले असायचे, तरी रात्री दार आपटले की माणूस अंगणात! याला भित्रेपणा म्हणू नये. संकटात छाती धडधडते, रक्त हातापायांकडे धावते, श्वास उथळ होतो, ते जीव वाचवण्यासाठीच. संकट सरल्यावर ही धावपळ थांबायला हवी. काहींच्या बाबतीत ती थांबत नाही. शरीर पहाऱ्यावरच उभे राहते. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या शिपायांची अशी अवस्था पाहून अमेरिकेतील मनोवैद्यांनी १९८० साली या विकाराला आपल्या ग्रंथात स्वतंत्र नाव दिले.

बोस्टनचे डॉ. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी जुन्या आघाताने त्रस्त अशा ६४ स्त्रियांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांना इतर उपचारांनी पुरेसा गुण आला नव्हता. अर्ध्या स्त्रियांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास, सौम्य योगासने व श्वासाचा अभ्यास दिला. उरलेल्यांना आरोग्याची माहिती. शेवटी योगाच्या गटात ३१ पैकी १६ जणींना तो विकार आहे असे म्हणता येईना; दुसऱ्या गटात २९ पैकी ६. प्रयोग लहान आहे, त्यावरून डांगोरा पिटू नये. आम्हाला महत्त्वाची वाटली ती त्यांची शिकवण्याची रीत. 'हात वर करा' अशी आज्ञा तेथे नाही. 'वाटल्यास हात वर करून पाहा' असे म्हणायचे, आणि अंगाला हात लावायचा नाही. ज्याच्या शरीरावर एकदा दुसऱ्याची सत्ता चालली, त्याला स्वतःच्या अंगावरची आपली सत्ता परत मिळाली पाहिजे.

घरी करायचे ते सोपे आहे. भिंतीला पाठ टेकून बसावे, तळपाय जमिनीवर दाबावेत, जमीन गार आहे की उबदार ते पाहावे. डोळे उघडे ठेवून खोलीतल्या चार वस्तू सावकाश न्याहाळाव्यात. मग श्वास सोडणे घेण्यापेक्षा लांबवावे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंद होते; म्हणून लांब निःश्वासाने छाती निवते. नाम मोठ्याने घेताना निःश्वास आपोआप लांबतो, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. पतंजलींनी रेचकाबरोबर श्वास रोखणेही सांगितले आहे, पण भ्यालेल्याने रोखू नये, कोंडल्यासारखे होते. आणि चालावे. दिंडीत टाळावर पाऊल पडते, शेजारच्याचेही त्याच तालात पडते, तेव्हा आपण एकटे नाही हे पायांनाच कळते.

येथे कोणी शंका घेईल की भगवंतांनी अर्जुनाला शब्दांनीच उभे केले ना? समाधान असे. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी आधी दोन श्लोकांत कानउघाडणीच केली, 'ऊठ' म्हणून सांगितले. अर्जुन उठला नाही. तो शिष्य होऊन विचारू लागला, तेव्हा पुढचा उपदेश रुजला, आणि तोवर सखा त्याच्या रथातच होता.

असो. हे सर्व औषधाच्या ऐवजी नाही. झोप महिनोन् महिने उडाली असेल, तेच ते दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर मनोवैद्याकडे जावे. आघात हळूहळू बोलता करून बरे करण्याच्या उपचारांना योगापेक्षा अधिक पुरावा आहे. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते.

आणि सप्ताहाच्या चालकांना एक विनंती. मृदंगाचा कडकडाट किंवा गर्दीचा रेटा काहींना सोसत नाही. चेंगराचेंगरीतून वाचलेल्यांना तर नाहीच. मंडपाच्या दाराशी थोडी जागा मोकळी ठेवावी. तेथे कोणी उभा राहिला तर त्याला हाताला धरून फुगडीत ओढू नये, 'पुढे या, पुढे या' असा आग्रह करू नये. त्याला वाटेल तेव्हा तो टाळ उचलील.