फुटण्यासाठी घडविलेली नळी

लांब पल्ल्याच्या अनेक मोठ्या बसगाड्यांचे इंजिन मागच्या बाजूस असते. चालक पुढे बसलेला असतो आणि त्याच्या पाठीमागे दहा-अकरा मीटर अंतरावर, एका बंद कप्प्यात, इंजिन आपले काम करीत असते. त्या कप्प्यात डिझेलच्या नळ्या असतात, वंगणाचे तेल असते, विजेच्या तारा असतात आणि या सर्वांच्या शेजारीच इंजिनाचा धूर वाहून नेणारा अतिशय तापलेला लोखंडी नळ असतो. एखादी नळी झिजून तिच्यातील डिझेल त्या तप्त लोखंडावर ठिबकू लागले, किंवा हादऱ्यांनी तारेवरचे आवरण घासले जाऊन ठिणगी उडाली, की आगीला आणखी काय हवे? चालकाला यातले काहीच दिसत नाही. गाडी धावत असते व धूर मागच्या मागे उडून जातो. उतारूंना जळका वास येईपर्यंत आगीने बरेच बळ धरलेले असते.

आग लहान असताना ती विझविणे सोपे असते. परंतु ती लहान असते तेव्हा तिच्यापाशी कोणीच नसते. या अडचणीवर एक साधा उपाय शोधण्यात आला आहे.

इंजिनाच्या कप्प्यालगत एक सिलिंडर बसविलेले असते. त्यात आग विझविणारे द्रव्य भरलेले असते. त्याला जोडलेली करंगळीहून बारीक अशी प्लास्टिकची एक नळी, वेल मांडवावर पसरावी त्याप्रमाणे, इंजिनाच्या अवतीभोवती फिरविलेली असते. या नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने कोंडलेला असतो. इंजिनाच्या नेहमीच्या उष्णतेने नळीला काही होत नाही. परंतु ज्वाला भिडताच ती त्या जागी मऊ पडते आणि आतील दाबामुळे तेथेच फुटते. दाब उतरला की सिलिंडरची झडप उघडते आणि द्रव्य ठिकठिकाणी बसविलेल्या तोट्यांतून वेगाने फवारले जाते. याच दाबाच्या उतारामुळे चालकापुढे दिवा लागतो व भोंगा वाजू लागतो. लहान कप्प्यासाठी रचना याहूनही सोपी असते. तेथे नळी जेथे फुटते त्याच छिद्रातून द्रव्य बाहेर पडते. म्हणजे आग स्वतःच आपली जागा दाखवून देते! नळी फुटण्यासाठी वीज लागत नाही, की कोणी कळ दाबावी लागत नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे पियानोचा कारखाना चालविणाऱ्या हेन्री पार्मली यांनी १८७४ साली छताच्या पाण्याच्या नळांना अशा तोट्या बसविल्या, की आगीच्या उष्णतेने त्यांवरील डाख वितळावा आणि पाणी आपोआप बरसावे.

सिलिंडरात कोणते द्रव्य भरावे, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही. कोरडी भुकटी ज्वाला झटकन मोडते, पण लोखंड थंड करीत नाही. त्यामुळे तापलेल्या नळावर पुन्हा तेल पडले तर आग पुन्हा पेटू शकते. पेटलेल्या तेलावर बादलीभर पाणी ओतणे तर फारच घातक, कारण जळते तेल चहूकडे उडते. पण तेच पाणी धुक्यासारख्या सूक्ष्म तुषारांच्या रूपाने सोडले तर वेगळाच चमत्कार घडतो. तुषारांची तत्काळ वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. ती ज्वालेभोवतीची हवा दूर सारते आणि वाफ होताना पाणी उष्णताही ओढून घेते. बसगाडीसाठी भुकटीपेक्षा हे तुषार अधिक भरवशाचे मानावे लागतील.

भारतात बसगाडीच्या इंजिनातील आगीसंबंधी एआयएस-१३५ हे मानक ठरविलेले आहे. २०२२ साली लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या बसगाड्यांमध्ये उतारूंच्या कक्षासाठीही असे संरक्षण असावे, अशी अधिसूचना केंद्र सरकारने काढली. परंतु सिलिंडरवरील तबकडीचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे गाडी निघण्यापूर्वी कोणी तरी पाहावेच लागते. दाब गळून गेलेले सिलिंडर म्हणजे केवळ ओझे होय.

या यंत्राची शक्तीही मर्यादित आहे. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर एक बसगाडी उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघातात डिझेलची टाकीच फुटली, तर इंजिनाच्या कप्प्यातील लहानसे सिलिंडर काय करणार?

धावत्या गाडीत भोंगा वाजला, की चालकाने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावयाचे असते. नाही तर पंप आगीला डिझेल पुरवीतच राहतो. मग दारे उघडून, सामानाचा मोह सोडून, सर्वांनी खाली उतरून दूर जावयाचे. कप्प्यातला धूर थांबलेला दिसला तरी त्याचे झाकण लगेच उघडीत नाहीत. आतील लोखंड अजून तापलेले असते आणि ताजी हवा मिळताच विझलेली आग पुन्हा भडकू शकते.