बरसीम : एक पाहुणे पीक

वडगावच्या शिवारात भाताची कापणी आटोपली की जमिनीतील ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरण्याची जुनी चाल आहे. मसुरीचे रोप अलगद उपटून मुळे धुतली, तर त्यांवर बारीक गाठी आढळतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणतात आणि मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असूनही एरवी कोणतेही पीक तो स्वतः घेऊ शकत नाही. जर्मनीतील हेलरीगेल व विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात हा व्यवहार प्रयोगाने सिद्ध केला. त्यापूर्वीच इंग्लंडातील नॉरफोक परगण्याचे शेतकरी सलगम, सातू, क्लोव्हर व गहू असा फेरपालट करून जमिनीचा कस राखीत होते.

या क्लोव्हर वर्गातील आपल्या देशाला परिचित असे पीक म्हणजे बरसीम. एका देठावर तीन पाने आणि पांढरट फुलांचे गोंडे ही त्याची खूण. नाईलकाठचे हे पीक १९०४ च्या सुमारास मिसर देशातून सिंध प्रांतात आले व पुढे उत्तर हिंदुस्थानात थंडीतील प्रमुख चारा ठरले.

आम्हीही शाळेच्या परसात विहिरीच्या पाण्यावर त्याचा एक वाफा केला. रोपे उगवली, पण महिन्याभरात पिवळी पडू लागली. आम्ही जमिनीला दोष दिला. तेव्हा एका विद्यार्थ्याने रोप उपटून विचारले, “गुरुजी, याच्या गाठी कुठे आहेत?” मुळे कोरी होती! जेथे मसूर पोसते तेथे बरसीमही पोसेल, हा आमचा समज चुकीचा ठरला. मसुरीचे जिवाणू निराळे व बरसीमचे निराळे. नव्या जमिनीत या पाहुण्याचा सोबतीही बरोबर आणावा लागतो. पुढील वर्षी गुळाच्या थंड पाण्यात बरसीमचे जिवाणू संवर्धक कालवून बियाण्यास चोळले, ते सावलीत सुकवून पेरले, आणि वाफा हिरवागार झाला.

ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांनी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात एकरी १० ते १२ किलो बी पेरावे. पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी व पुढील प्रत्येक कापणी २५ ते ३० दिवसांनी मिळते. ऊन तापू लागले की वाढ मंदावते. म्हणून उत्तरेइतक्या कापण्यांची अपेक्षा येथे धरू नये.

वाळलेल्या बरसीममध्ये सुमारे १७ ते २० टक्के प्रथिने असतात. भाताच्या पिंजरात ती ३-४ टक्क्यांच्या आसपासच. दुभत्या जनावरास हा चारा म्हणूनच मोलाचा. तथापि कोवळे, दवाने ओले बरसीम उपाशी जनावरापुढे भरपूर टाकल्यास पोट फुगून ते दगावू शकते. चारा थोडा सुकवावा, पिंजर किंवा कडबा मिसळून द्यावा आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. सकाळी घाईने गोठ्यात वैरण टाकून शाळेत येणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानी धरावे.

पीक निघाल्यावर मुळे जमिनीतच कुजतात व पुढील पिकास नत्र लाभते. जमिनीकडून घेणारी पिके पुष्कळ. घेता घेता काही परत देणारी थोडी. अशांची ओळख आपण पुस्तकाबरोबर शेताच्या बांधावरही करून घेतली पाहिजे. आमची चूक पुस्तकाने नव्हे, एका उपटलेल्या रोपाने दाखविली.