कॅमेलिया लावताय? भोर-वेल्ह्यात थंडीपेक्षा ऊन महागात पडतं

भोर-वेल्ह्यात (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) फार्महाउस बांधलं की बागेची हौस ओघाने येतेच. त्यात कॅमेलियाचा फोटो नजरेस पडला, भरगच्च फूल आणि चकचकीत पान दिसलं, की लगेच ऑनलाइन ऑर्डर जाते. हे झाड चहाच्या कुळातलं, मूळ चीन-जपानकडचं. आपल्या देशात ते रमतं दार्जिलिंग, कालिम्पाँग, शिलाँगच्या डोंगरात. तोरण्याच्या पायथ्याशी ते लावायचं तर कुंडीत, आणि एकच रोप आणून बघा.

थंडीपासून बचावाचे बहुतेक सल्ले बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी लिहिलेले असतात. रोपाला कापड गुंडाळा, असं ते सांगतात. त्या कापडावर एक रुपयाही घालवू नका. जपानी कॅमेलिया शून्याखालची थंडी सोसतो, गुंजवणीच्या खोऱ्यातल्या डिसेंबरच्या पहाटेचं त्याला काय! नुकसान होतं ते उजाडल्यावर. रात्रभर दवाने भिजलेल्या कळीवर धुकं फिटताच थेट ऊन पडतं आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडतात. म्हणून कुंडी घराच्या उत्तरेला, पडवीच्या आडोशाला ठेवा. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आला की वर पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट लागेल. दहा चौरस मीटरला 300 ते 500 रुपये पडतात.

काय बिघडलंय ते पानाकळीवरून ओळखता येतं. हिरवी, घट्ट कळी न उमलताच गळाली तर पाण्याची हेळसांड झाली असं समजा: मधे कोरडं, मग एकदम भरपूर. पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील तर चुना जास्त झालाय. माती ओली असूनही पानं मलूल झाली असतील तर मुळं कुजताहेत. फांदी मेली का, हे बघायला नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर थांबा, छाटणी फुलं संपल्यावरच करा.

मुळं कुजण्याची खरी भीती पावसाळ्यात. मढे घाटाकडच्या पावसात उघड्यावर ठेवलेली कुंडी म्हणजे डबकंच. चार महिने ती छपराखाली, विटांवर उचलून ठेवा आणि खालची भोकं मोकळी आहेत ना, ते पाहा. कुंडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, 300 ते 500 रुपयांत मिळते. सिमेंटची नको, तिच्यातून चुना झिरपतो. माती आम्लधर्मी हवी, सामू साडेपाच ते साडेसहा. पश्चिमेकडची तांबडी माती चालते, काळी नाही. त्यात कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि जाड वाळू मिसळा. हे मिश्रण 400 ते 600 रुपयांत होतं. चुलीतली राख मात्र टाकू देऊ नका. गड्याला ते बजावून सांगावं लागतं, कारण राख म्हणजे खत हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

सगळ्यात मोठा खर्च पाण्याचा, आणि तोच कोणी धरत नाही. बोअरचं पाणी बहुधा जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो तो त्याचाच. कॅमेलियाला पावसाचं पाणी द्यायला हवं आणि ते आपल्याकडे फुकट पडतं, फक्त साठवायला लागतं. रोज दोन लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे एका कुंडीला सुमारे 240 लिटर लागतात. पाचशे लिटरची टाकी (3,000 ते 4,500 रुपये) दोन कुंड्यांना पुरते. पागोळीचं पाणी पन्हळीतून तिच्यात सोडा आणि वर घट्ट झाकण ठेवा, नाहीतर डास होतात.

रोप साधारण 600 ते 1,200 रुपयांना पडतं, कुरिअर वेगळं. म्हणजे पहिल्या वर्षी एका रोपामागे साडेचार ते सव्वासात हजार. हे आकडे अंदाजाचे आहेत, दुकान आणि हंगाम बघून खालीवर होतील. शनिवार-रविवारीच येत असाल तर उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचे पैसे यात धरलेले नाहीत, ते वेगळे मोजा.

घेताना जातीचं नाव बिलावर लिहून मागा. ऊन जरा जास्त सोसणारा ससांक्वा मिळाला तर तोच घ्या. कळ्यांनी लगडलेलं रोप पाहून भुलू नका, प्रवासात कळ्या गळतातच आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. ‘जिवंत रोप परत घेतलं जाणार नाही’ ही अट आधीच वाचा आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. भलतंच रोप आलं आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

आणि एवढा खटाटोप नकोसा वाटला तर अनंत लावा. त्यालाही आम्लधर्मी मातीच आवडते, पान तसंच चकचकीत आणि फूल पांढरंशुभ्र. शिवाय सुवास, जो बहुतेक कॅमेलियांना नसतो. रोप नर्सरीत शंभर-दीडशे रुपयांत मिळतं.