‘परतफेड नाही’ म्हणणारी जाहिरात

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त गृहस्थ. ‘घर तुमचेच, दरमहा पैसे, परतफेड नाही’ असे रिव्हर्स मॉर्गेजचे पत्रक हाती आले. विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, प्रतापनगर, वडोदरा

उत्तर : काका, योजना खरी आहे, पत्रक मात्र अर्धेच सत्य सांगते. नॅशनल हाउसिंग बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६० वर्षांवरील व्यक्तीला स्वतःचे राहते घर तारण ठेवून दरमहा पैसे देणारे हे कर्ज मिळू शकते. हयातीत आणि त्या घरात राहत असेपर्यंत सहसा परतफेड करावी लागत नाही, हे खरे. पण व्याजावर व्याज चढत जाते. तुमच्या आणि पत्नीच्या पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडवून घेता येते. नाहीतर घर विकून वसुली होते आणि उरलेली रक्कम वारसांना मिळते. घरपट्टी, विमा आणि देखभालही तुमच्याकडेच राहते. पत्रकात हे नसेल, तर ती ज्येष्ठांची दिशाभूल आहे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. त्यात महत्त्वाची माहिती लपवता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पाच, दहा आणि पंधरा वर्षांनी देणे किती होईल, हे लेखी मागा. करारानंतर तीन दिवसांत तो रद्द करण्याची मुभा मिळेल का, तेही विचारा. मुलांना समोर बसवून कागद वाचा. घाई करणाऱ्यासमोर सही करू नका.